राजा नको, की राजाचा खर्च नको? एकोणिसाव्या शतकातले ब्रिटिश कामगार आणि राजेशाही

2 मे 1842 रोजी लंडनमध्ये कामगारांची एक प्रचंड मिरवणूक पार्लमेंटवर गेली. त्यांनी खांद्यावरून आणलेल्या अर्जावर 33 लाखांहून जास्त सह्या होत्या. कागदाचं भेंडोळं इतकं अवाढव्य होतं की ते सभागृहाच्या दारातून आत जाईना, शेवटी त्याचे तुकडे करून आत न्यावं लागलं. मागणी मतदानाच्या हक्काची होती. पण अर्जाच्या मध्यावर कामगारांनी एक हिशेब मांडला होता. महाराणी व्हिक्टोरियाला खाजगी खर्चासाठी दिवसाला 164 पौंड 17 शिलिंग 10 पेन्स मिळतात, आणि हजारो मजूर कुटुंबांत माणशी दिवसाला पावणेचार पेन्स येतात.

त्या काळी 20 शिलिंगांचा एक पौंड आणि 12 पेन्सचा एक शिलिंग. भागाकार करून पाहिला तर राणीच्या एका दिवसाच्या खाजगी खर्चात साडेदहा हजार मजुरांचा दिवस निघत होता. अर्ज तिथे थांबला नाही. राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांना रोजचे 104 पौंड 2 शिलिंग, तर हजारो लोक माणशी 3 पेन्सवर जगतात. राणीचे काका, जे जर्मनीतल्या हानोव्हरचे राजे झाले होते पण ज्यांचा तनखा ब्रिटनच्या तिजोरीतून चालूच होता, त्यांना 57 पौंड 10 शिलिंग. समोर माणशी पावणेतीन पेन्स. कँटरबरीच्या आर्चबिशपांना 52 पौंड 10 शिलिंग. समोर 2 पेन्स.

हे सगळं वाचल्यावर कुणालाही वाटेल की पुढची ओळ ‘राजेशाही बंद करा’ अशीच असणार. ती ओळ नाही. या लोकांना चार्टिस्ट म्हणत, कारण 1838 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पीपल्स चार्टर’ म्हणजे जनतेच्या सनदेसाठी ते लढत होते. सनदेत सहा मागण्या होत्या: 21 वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाला मत, गुप्त मतदान, दरवर्षी निवडणूक, समान मतदारसंघ, खासदाराला पगार, आणि उमेदवारीसाठी मालमत्तेची अट रद्द. सहापैकी एकाही मागणीत सिंहासनाचं नाव नाही. एवढंच काय, हेच लोक वेळोवेळी त्याच राणीकडे विनंतीअर्ज पाठवत होते.

हे भित्रेपणाचं होतं का? की भोळेपणाचं? मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. या माणसांच्या मनात राजेशाहीविषयी दोन वेगळी भांडणं चालू होती, एक जन्माचं आणि एक खर्चाचं. त्यातलं कोणतं कधी पुढे आलं आणि कोणतं मागे पडलं, हे बघितलं की शतकभराची गोष्ट उलगडते.

जन्माचं भांडण सुरू केलं टॉमस पेनने. स्त्रियांची कॉर्सेट शिवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा, स्वतः तोच धंदा शिकलेला. 1791 आणि 1792 मध्ये त्याच्या ‘राइट्स ऑफ मॅन’चे दोन भाग निघाले. त्याचा युक्तिवाद कोणत्याही कारागिराला एका दमात कळावा असा होता: गणितज्ञाच्या पोटी गणितज्ञ जन्माला येत नाही, राजकवीच्या पोटी राजकवी येत नाही, मग राज्य करणारा तेवढा वंशपरंपरेने कसा येतो? राजा चांगला की वाईट, हा प्रश्नच त्याने बाजूला सारला. चांगला राजाही त्याला चालणार नव्हता, कारण हक्क जन्मावर ठरवणं हीच चूक. दुसऱ्या भागात त्याने सरकारी खर्च मांडला आणि उधळपट्टी वाचवून पन्नाशी उलटलेल्या गरिबांना वर्षाला 6 पौंड, साठीनंतर 10 पौंड पेन्शन देता येईल असा आराखडा दिला. म्हणजे पेनच्या लेखणीत जन्म आणि खर्च ही दोन भांडणं एकाच धाग्यात ओवलेली होती. सरकारने त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. तो फ्रान्सला गेला होता, तेव्हा 1792 च्या डिसेंबरमध्ये त्याच्या गैरहजेरीतच त्याला दोषी ठरवण्यात आलं.

पुस्तक मात्र हातोहात फिरत राहिलं. पुढच्या पिढीत ते चालवणारा माणूस म्हणजे रिचर्ड कार्लाइल, धंद्याने पत्र्याची भांडी बनवणारा. 16 ऑगस्ट 1819 रोजी मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर मतदानाचा हक्क मागायला जमलेल्या हजारो स्त्रीपुरुषांवर घोडदळ घालण्यात आलं. डझनाहून अधिक माणसं मेली, शेकडो जखमी झाली. पीटर्लू म्हणतात ते हेच. तेव्हा वेड्या राजाच्या जागी कारभार पाहणाऱ्या युवराजाने दंडाधिकाऱ्यांचे आभार मानणारा निरोप धाडला. कार्लाइल स्वतः त्या मैदानावर होता. त्याने आपल्या वर्तमानपत्राचं नावच ‘रिपब्लिकन’ ठेवलं. पेनचं धर्मचिकित्सेचं लेखन छापल्याबद्दल त्याला सहा वर्षं तुरुंगात काढावी लागली. तिथूनही तो पत्र चालवत राहिला, आणि त्याच्या दुकानात पुस्तकं विकणारे एकामागून एक आत जात राहिले. या माणसांचं धैर्य पाहून मन भरून येतं.

आणि नेमक्या याच वेळी, 1820 मध्ये, इंग्लंडच्या कामगारांनी एका राणीला डोक्यावर घेतलं. हा प्रसंग नीट समजून घ्यायला हवा, कारण वरवर पाहता तो पेनच्या शिकवणुकीच्या अगदी उलट दिसतो.

तोच युवराज जानेवारी 1820 मध्ये चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला. बायको कॅरोलाइन हिच्यापासून तो लग्नाच्या वर्षभरातच वेगळा झाला होता, आणि ती कित्येक वर्षं युरोपात राहत होती. परत येऊ नये म्हणून तिला वर्षाला 50 हजार पौंड देऊ केले गेले. ते तिने नाकारले आणि 6 जूनला ती लंडनमध्ये दाखल झाली. राजाने तिचं नाव चर्चमधल्या प्रार्थनेतून काढायला लावलं, आणि व्यभिचाराचा आरोप ठेवून तिचं राणीपद काढून घेणारं, विवाह मोडणारं विधेयक उमरावांच्या सभागृहात आणलं. राजाच्या स्वतःच्या अंगवस्त्रांची चर्चा साऱ्या गावाला ठाऊक होती. तो बायकोच्या चारित्र्याचा पंचनामा करतोय, हे पाहून लोक खवळले. वेगवेगळ्या धंद्यांतले कारागीर आपापल्या धंद्याची निशाणं घेऊन मिरवणुकीने हॅमरस्मिथला तिच्या घरी पाठिंब्याची मानपत्रं देऊ लागले. हजारो स्त्रियांनी सह्यांची मानपत्रं पाठवली. ज्या काळात स्त्रीने राजकारणावर बोलणंच नामंजूर होतं, तेव्हा नवऱ्याने छळलेल्या बाईच्या बाजूने त्या उघडपणे उभ्या राहिल्या. नोव्हेंबरमध्ये विधेयक जेमतेम नऊ मतांनी पुढे सरकलं, तेव्हा सरकारने ते सोडूनच दिलं. लंडनच्या खिडक्यांत दिवे लागले.

आता यातली खोच पाहा. पीटर्लूनंतर सरकारने सहा कायदे करून मोठ्या सभांना आणि स्वस्त वर्तमानपत्रांना वेसण घातली होती. ‘राजा मुर्दाबाद’ म्हटलं तर तुरुंग ठरलेला. पण ‘राणीचा विजय असो’ म्हणण्यात गुन्हा कसला? ती तर कायद्याने राणीच होती. राजनिष्ठेच्या भाषेत राजाला शिव्या घालायची ही वाट लोकांनी बरोबर हेरली. काही इतिहासकार या प्रकरणाला भावनेचा उमाळा म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. दारं बंद केलेल्या घरातून बाहेर पडायची एक उघडी खिडकी कामगारांना सापडली होती, आणि त्यांनी ती वापरली.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. जुलै 1821 मध्ये राज्याभिषेकाच्या दिवशी कॅरोलाइनला वेस्टमिन्स्टर ॲबीच्या दारातून परत पाठवलं गेलं. ऑगस्टमध्ये ती वारली. अंत्ययात्रा शहराला वळसा घालून न्यायचा सरकारचा बेत होता. लोकांनी रस्ते अडवून ती शहरातूनच न्यायला भाग पाडलं. हाइड पार्कजवळ घोडदळाने गोळ्या झाडल्या आणि दोन माणसं मेली: रिचर्ड हनी नावाचा सुतार आणि जॉर्ज फ्रान्सिस नावाचा गवंडी.

1837 मध्ये 18 वर्षांची व्हिक्टोरिया गादीवर आली. लंडन वर्किंग मेन्स असोसिएशन ही कारागिरांची संघटना, तिचा चिटणीस विल्यम लव्हेट, हा लाकूडकाम करणारा. या मंडळींनी नव्या राणीला उद्देशून एक निवेदन लिहिलं. त्यात पायघड्या नव्हत्या. देशातल्या बहुसंख्य लोकांना मत नाही आणि थोडे लोक सत्ता दाबून बसलेत, हे त्यांनी सरळ सांगितलं होतं. निवेदन स्वतः राणीच्या हातात द्यायचं म्हणून त्यांनी गृहमंत्री लॉर्ड जॉन रसेल यांच्याकडे वेळ मागितली. उत्तर आलं की दरबार भरेल तेव्हा दरबारी पोशाखात या, नाहीतर निवेदन आमच्याकडे पाठवा, आम्ही पोचवू. दरबारी पोशाख म्हणजे खास कोट, केसांचा टोप आणि कमरेला तलवार. लव्हेट आणि त्याच्या सोबत्यांनी कळवलं की असल्या तलवारी, कोट आणि टोपांसाठी आमच्याकडे पैसाही नाही आणि हौसही नाही.

त्या एका उत्तरात या लोकांची सगळी भूमिका आलेली आहे. ते राणीशी बोलायला तयार होते. तिच्यापुढे वाकायला तयार नव्हते. पुजाऱ्याशी उभा दावा असला तरी देवापुढे गाऱ्हाणं घालायला माणूस देवळात जातो, तसं त्यांचं चाललं होतं. त्यांची समजूत अशी होती की जुन्या काळी राजा, उमराव आणि प्रजा यांचा एक समतोल होता, तो उमरावांनी आणि पैसेवाल्यांनी मोडला, पार्लमेंट गिळलं, आणि राणीलाही वेढा घातला. पार्लमेंट ऐकत नाही तर पार्लमेंटच्या डोक्यावरून थेट राणीला सांगायचं: हे मंत्री काढा, सनद मान्य करणारे मंत्री नेमा. कायद्याने तो अधिकार तिला होता. इतिहास म्हणून ही समजूत कच्ची होती, पण लढ्याचा डाव म्हणून तिच्यात ताकद होती. आम्ही बंडखोर नाही, मोडतोड तुम्ही केलीत, असं तिच्या जोरावर म्हणता येत होतं.

शिवाय एक गोष्ट फक्त सिंहासनाच्याच हातात होती: माफी. नोव्हेंबर 1839 मध्ये वेल्समधल्या न्यूपोर्टला सशस्त्र उठाव झाला, सैनिकांच्या गोळ्यांनी वीसहून अधिक चार्टिस्ट मेले. जॉन फ्रॉस्ट आणि त्याच्या दोन साथीदारांना राजद्रोहासाठी फाशी आणि त्यानंतर देहाचे तुकडे, अशी मध्ययुगीन शिक्षा झाली. देशभरातून राणीकडे अर्ज गेले. फेब्रुवारी 1840 च्या सुरुवातीला, राणीच्या लग्नाच्या काही दिवस आधी, शिक्षा जन्मठेपेवर आली आणि तिघांना टास्मानियाला धाडण्यात आलं. ज्याचा मित्र फासावर जायचा आहे, त्याला ‘तू प्रजासत्ताकवादी असून राणीला अर्ज कसा करतोस’ असं विचारण्यात अर्थ नाही.

त्याच लग्नावरून खर्चाचं भांडण पेटलं. अल्बर्टला वर्षाला 50 हजार पौंड देण्याचा प्रस्ताव होता, तो पार्लमेंटने 30 हजारांवर आणला. चार्टिस्टांना तेही सहन होईना. 1834 च्या नव्या गरीब-कायद्यानुसार मदत मागणाऱ्या जोडप्याला काम करून घेऊन अन्न देणाऱ्या ‘वर्कहाउस’मध्ये जावं लागे, आणि तिथे नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळ्या भागांत ठेवत. एका जोडप्याच्या संसाराला 30 हजार पौंड आणि दुसऱ्या जोडप्याची ताटातूट! 1842 च्या अर्जातले ते आकडे या रागातून आलेले आहेत. त्या अर्जाच्या बाजूने 49 मतं पडली, विरुद्ध 287.

तिसरा मोठा अर्ज 10 एप्रिल 1848 चा. फ्रान्समध्ये नुकताच राजा पळून गेला होता, त्यामुळे लंडनमध्ये घबराट होती. राणीला कुटुंबासह वाइट बेटावर हलवण्यात आलं, हजारो हंगामी शिपाई नेमले गेले. केनिंग्टन कॉमनवरची सभा शांततेत पार पडली. अर्जाच्या सह्या तपासणाऱ्या कारकुनांना त्यात ‘व्हिक्टोरिया रेक्स’ अशी सही सापडली आणि चळवळीची मनसोक्त टिंगल झाली. त्याच महिन्यात नवा कायदा आला: राणीला पदच्युत करण्याचा बेत नुसता छापला, तरी जन्मठेप. सिंहासनाविरुद्ध उघड बोलणं किती धोक्याचं होतं, हे यावरून कळतं. उघड प्रजासत्ताक मागणारे लोक होतेच, जॉर्ज ज्युलियन हार्नीने 1850 मध्ये ‘रेड रिपब्लिकन’ काढलं, पण ते थोडे होते.

मग दोन दशकांनी वारं फिरलं. 1861 च्या डिसेंबरमध्ये अल्बर्ट वारला आणि व्हिक्टोरियाने लोकांत येणंच सोडलं. 1864 मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या कठड्यावर कुणीतरी पाटी लावली: आधीच्या मालकाचा धंदा बसल्यामुळे ही भव्य जागा भाड्याने किंवा विकत देणे आहे. सप्टेंबर 1870 मध्ये फ्रान्स पुन्हा प्रजासत्ताक झाला, आणि ब्रिटनच्या शहराशहरांत रिपब्लिकन क्लब निघाले. जोडे शिवणारा जॉर्ज ऑजर आणि वकिलाच्या कारकुनाचा मुलगा चार्ल्स ब्रॅडलॉ हे त्यातले गाजलेले वक्ते.

1871 मध्ये राणीची मुलगी लुईझ हिला 30 हजार पौंड हुंडा आणि वर्षाला 6 हजार, तर मुलगा प्रिन्स आर्थर याला वर्षाला 15 हजार पौंड तनखा देण्याचे ठराव आले. कामगारांच्या सभांत निषेध झाले. ‘राणी घरात बसून असते, मग एवढा पैसा जातो कुठे?’ हा प्रश्न पत्रकांतून विचारला जाऊ लागला. नोव्हेंबरमध्ये न्यूकॅसलला खासदार चार्ल्स डिल्क यांनी राजघराण्यावर वर्षाला दहा लाख पौंड खर्च होतो, असा हिशेब भरसभेत मांडला.

इथेच माझ्या मते चळवळीचा पाया कच्चा राहिला. पेनने जन्मावर बोट ठेवलं होतं. आता सगळा भर खर्चावर आला. खर्चाच्या तक्रारीला उत्तर देता येतं. मालक कामावर परत आला की तक्रार संपते. झालंही तसंच. डिल्कच्या भाषणाला महिना होतो न होतो तोच युवराज टायफॉइडने मरणाच्या दारात पोचला. 14 डिसेंबरला, बापाच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, त्याला उतार पडला. फेब्रुवारी 1872 मध्ये सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये आभाराची प्रार्थना झाली, राणी रस्त्यावर आली, आणि लाखो लोक तिला पाहायला लोटले. दोनच दिवसांनी एका 17 वर्षांच्या पोराने आयरिश कैद्यांच्या सुटकेसाठी तिच्यावर पिस्तूल रोखलं. तो चार्टिस्ट पुढारी फिअर्गस ओकॉनरच्या भावाचा नातू निघाला. राणीविषयीची सहानुभूती आणखी वाढली. मार्चमध्ये डिल्कने राणीच्या खर्चाची चौकशी मागितली, तेव्हा त्याच्या बाजूने फक्त 2 मतं पडली आणि विरुद्ध 276.

ब्रॅडलॉ त्यानंतरही थकला नाही. 1875 मध्ये युवराजाच्या हिंदुस्थानच्या दौऱ्यासाठी सरकारी पैसा मागितला गेला, तेव्हा त्याने विरोधात सह्यांची मोहीम काढली. हाच ब्रॅडलॉ 1889 मध्ये काँग्रेसच्या अधिवेशनाला मुंबईत आला होता.

आपल्याकडचा खरा दुवा मात्र त्याच्याही आधीचा आहे. जोतीराव फुल्यांनी 1847 च्या सुमाराला पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं. पेनने जन्माचा जो मुद्दा राजावर लावला, तो जोतीरावांनी जातीवर लावला. आणि खुद्द ब्रिटनमध्ये तो मुद्दा खर्चाच्या हिशेबाखाली दबत गेला असताना इथे तो धारदार राहिला, कारण जातीच्या बाबतीत ‘खर्च कमी करतो’ असं म्हणून कुणाची सुटका नव्हती.

1888 मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. हे ड्यूक म्हणजे 1871 च्या तनख्याचे धनी, प्रिन्स आर्थरच; तेव्हा ते मुंबई प्रांताच्या फौजेचे सेनापती होते. जोतीराव त्या हिरेमाणकांच्या मेळाव्यात शेतकऱ्याच्या वेशात गेले. हे दागिने म्हणजे हिंदुस्थान नव्हे, तो खेड्यात उपाशी आहे, आणि हे आपल्या मातोश्रींना, महाराणींना सांगा, असं त्यांनी ड्यूकना सुनावलं. पेन वाचलेला माणूस राणीकडे निरोप पाठवतो, आणि दरबारी कपडे नाकारतो! लव्हेटच्या उत्तराची गोष्ट जोतीरावांच्या कानावर आली असेल असं नाही. पण ज्याला मत नाही त्याच्यापुढचे मार्ग लंडनला आणि पुण्याला सारखेच होते.

ब्रिटनमध्ये जन्माचा मुद्दा पुन्हा खणखणीतपणे मांडला कीर हार्डीने. लहानपणापासून खाणीत राबलेला हा स्कॉटिश माणूस 1892 मध्ये खासदार झाला, आणि खासदारांच्या ठरीव काळ्या कोटाऐवजी साध्या जाड्याभरड्या कपड्यांत सभागृहात आला. 23 जून 1894 रोजी दोन घटना घडल्या. वेल्समधल्या किल्व्हनिद गावाच्या आल्बियन कोळसाखाणीत स्फोट होऊन 290 च्या आसपास माणसं आणि पोरं मेली. आणि राजघराण्यात राणीच्या पणतूचा जन्म झाला. पाच दिवसांनी पार्लमेंटमध्ये बाळाच्या अभिनंदनाचा ठराव आला. खाणीतल्या विधवांसाठी शोकाचा ठराव आणायला सरकारने नकार दिला होता. हार्डी एकटा उभा राहिला. या मुलाच्या भोवती आजपासून खुशामतखोर जमतील, त्याला आपण फार वरचे आहोत असं शिकवलं जाईल, आणि शेवटी बिल देश भरेल, असं तो म्हणाला. सभागृह आरडाओरडा करत होतं. पुढच्या वर्षी तो निवडणूक हरला. 1900 मध्ये परत निवडून आला तो मर्थर टिडफिलमधून, त्याच वेल्सच्या खाणभागातून.

हार्डीने उभारणीला हात लावलेल्या मजूर पक्षापुढे 1923 च्या परिषदेत प्रश्न आला की प्रजासत्ताक हे पक्षाचं धोरण असावं का. मतं मोजली गेली. बाजूने 3 लाख 86 हजार, विरुद्ध 36 लाख 94 हजार.